किट्टी, अनुंदाल आणि कलम पंचवीस

कुंभकोणम गावातून कावेरी जाते आणि गावाच्या उत्तरेला थोड्या अंतरावर तिचा मोठा फाटा वाहतो, कोल्लिडम. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘कोलरून’ असं येतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या कोलरूनवर पुलाचं काम निघालं होतं. कामाला फळ्या हव्या होत्या, कोळसा हवा होता, सरपण हवं होतं. तहसीलदाराने आसपासच्या गावांना हुकूम सोडला, हे सगळं आणून टाका, पैशाचं नाव काढू नका. एका ब्राह्मणाने नकार दिला. बारा जणांनी त्याला धरलं आणि नाना प्रकारे छळलं. त्याने सब-कलेक्टर कॅडेलकडे अर्ज केला. त्याचं म्हणणं असं, की साहेबाने चौकशी तर केली नाहीच, वर अर्ज फाडून टाकला. कारणही त्याने सांगून ठेवलं आहे. साहेबाला गरिबांच्या जिवावर पूल स्वस्तात पुरा करून सरकारात नाव कमवायचं आहे. तहसीलदाराने उद्या खून केला तरी साहेब तिकडे बघणार नाही.

ही तक्रार मद्रासला बसलेल्या एका कमिशनपुढे गेली, तिथून छापील अहवालात आली, अहवाल लंडनला पोचला आणि १७ सप्टेंबर १८५७ च्या ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये कार्ल मार्क्सने लिहिलेल्या लेखात ती उतरली. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा बंड पेटलेलं होतं आणि शिपायांच्या क्रौर्याच्या बातम्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रं भरून वाहत होती. मार्क्सने तुमचेच सरकारी कागद वाचा म्हणून सांगितलं.

छळ म्हटलं की आपल्यापुढे अंधारी कोठडी, आरोपी आणि कबुलीजबाब उभा राहतो. या प्रकरणात गुन्हा नाही, आरोपी नाही, कबूल करायला काही नाही. फुकट लाकूड हवं होतं, एवढंच. मद्रास इलाख्यात सारा वसूल करायला, वेठ घ्यायला आणि चोरी कबूल करवून घ्यायला एकच माणूस, एकाच कचेरीतून, एकच साधनं वापरत होता. न्यायालयीन छळाचा जगाचा इतिहास बहुधा रोम, पॅरिस, बर्लिन असा सांगितला जातो. कुंभकोणमच्या पंचक्रोशीतून सांगितला तर तो थोडा वेगळा दिसतो, आणि मला वाटतं, जास्त खरा दिसतो.

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातलं गाव. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतल्यापासून हा मुलूख मराठी राजांचा. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि तनखा एवढंच उरलं, मुलुखाचा कारभार कंपनीने घेतला आणि जिल्ह्याचं कोर्ट पुढे कुंभकोणमला बसू लागलं. इथल्या मराठी घरांतल्या मुलांनी मोडी सोडून इंग्रजी गिरवायला वेळ लावला नाही. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात कारकुनापासून शिरस्तेदार-तहसीलदारापर्यंत देशस्थ मराठी माणसं जागोजाग होती. त्यामुळे या गोष्टीतला ‘नेटिव्ह अंमलदार’ आपल्या भाषेत हिशेब मांडणाराही असू शकतो, हे मराठी वाचकाने मनात धरून पुढे वाचावं. तंजावरच्या मराठ्यांचं संगीत, नाटकं, सरस्वती महाल यांबद्दल आपण कौतुकाने बोलतो. कचेरीबद्दल बोलत नाही.

तहसीलदार एवढा मोठा झाला तो १८१६ च्या रेग्युलेशनमुळे. थॉमस मन्रोच्या विचाराने झालेल्या या फेरबदलात तालुक्याची पोलिसी तहसीलदाराच्या हाती आली. सारा तोच गोळा करणार, चोर तोच पकडणार, किरकोळ शिक्षाही तोच देणार. गावात त्याचे हातपाय म्हणजे मणियकारर आणि कर्णम, आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांसारखे, आणि हाताखाली शिपाई. वर कलेक्टर एक, जिल्हा अफाट, आणि कलेक्टरची वर्षाची किंमत वसुलीच्या आकड्यावर. सारा रोख रकमेत ठरलेला, धान्याचे भाव १८३० नंतर बरीच वर्षं पडलेले. थकबाकीदाराची जप्ती करून लिलाव पुकारायचा तर कागदपत्रं, नोटिसा, मुदती. त्यापेक्षा त्याला उन्हात उभं केलं की संध्याकाळपर्यंत बायकोच्या अंगावरचा दागिना विकून पैसे येतात. तहसीलदार मनाने दुष्ट असायची गरजच नव्हती. त्याला फक्त महिनाअखेर गाठायची होती.

साधनांचं वर्णन कमिशनच्या अहवालात थंडपणे केलेलं आहे. किट्टी म्हणजे एका टोकाला बांधलेल्या दोन काठ्या. त्यांच्या बेचक्यात बोटं घालायची आणि मोकळं टोक दाबायचं. पुढे पुढे काठ्यांचीही जरूर राहिली नाही. एका हाताची बोटं दुसऱ्यात गुंतवून वरून दाबली तरी तेच होतं आणि पुरावा म्हणून दाखवायला हत्यार सापडत नाही. अनुंदालला तर हत्यार मुळीच नाही. माणसाला ओणवं करायचं, त्याचंच उपरणं किंवा काथ्याची दोरी मानेवरून घेऊन पायाच्या अंगठ्यांखालून ओढायची आणि गाठ मारायची. आपल्या शाळांत मास्तर अंगठे धरायला लावत, त्याचीच ही थोरली बहीण. फरक एवढाच, की इथे घंटा होत नसे. अनेकदा पाठीवर धोंडा ठेवत, ऊन असेल तर ठीकच. याशिवाय डोळ्यांत मिरची, मांड्यांना चिमटे, नैसर्गिक विधींना जाऊ न देणं, दोन थकबाकीदारांच्या शेंड्या एकमेकींना बांधणं, नाही तर गाढवाच्या शेपटाला बांधणं. एक प्रकार बेंबीवर किडा ठेवून वर करवंटी पालथी घालण्याचा. यातल्या बहुतेक गोष्टींचे वण राहत नाहीत. ज्याला दुसऱ्या दिवशी याच माणसाकडून नांगर धरून घ्यायचा आहे त्याने शोधलेल्या या युक्त्या आहेत.

हे सगळं उजेडात कसं आलं? मद्रासमधले व्यापारी गाझुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांनी १८५२ मध्ये ‘मद्रास नेटिव्ह असोसिएशन’ उभी केली. त्यांचं ‘क्रेसेंट’ हे पत्र आधीपासून होतं. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण १८५३ मध्ये पार्लमेंटपुढे यायचं होतं आणि असोसिएशनने तिकडे अर्ज धाडला. त्यात वसुलीच्या छळाची तक्रार होती. डॅन्बी सेमूर नावाचे पार्लमेंटचे सभासद १८५३ मध्ये स्वतःच मद्रासला आले. चेट्टींनी त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरवलं. या दौऱ्यातल्या गावांत कडलूर, कुंभकोणम, तिरुनेलवेली ही नावं येतात. जुलै १८५४ मध्ये मद्रासच्या जमीनधाऱ्यावर कॉमन्समध्ये चर्चा झाली, तेव्हा छळाचा विषय निघाला. हिंदुस्थानात उमर काढून गेलेल्या काही साहेबांनी असं काही आपण पाहिलं नाही, ऐकलं नाही, असं सांगितलं. शेवटी चौकशीचा हुकूम सुटला आणि सप्टेंबर १८५४ मध्ये मद्रास सरकारने तीन माणसांचं कमिशन नेमलं: एलियट, स्टोक्स आणि मद्रासचे नामांकित वकील जॉन ब्रूस नॉर्टन.

कमिशन बसलं मद्रासला. तरी ५१९ माणसं जातीने हजर झाली आणि १,४४० जणांनी लिहून पाठवलं. रेल्वे अजून नव्हती. शेकडो मैल चालत किंवा बैलगाडीने यायचं, मद्रासला स्वतःच्या खर्चाने राहायचं, आणि ज्या तहसीलदाराविरुद्ध बोलायचं त्याच्याच तालुक्यात परत जाऊन नांदायचं. १,९५९ हा आकडा या हिशेबाने वाचायला हवा. एप्रिल १८५५ मध्ये अहवाल आला: वसुलीसाठी छळ होतो, पोलिसी कामात कबुलीसाठीही होतो, तो सर्वदूर आहे, आणि दाद मागणं रयतेला फार कठीण आहे.

याच अहवालात एक सोयीची गोष्टही आहे. रयतेचा रोष आपल्याच देशबांधवांवर आहे, गोऱ्या अंमलदारांवर नाही, असं कमिशनने नमूद केलं. म्हणजे छळ हा नेटिव्ह अंमलदाराचा जुना खोडसाळपणा, साहेब फक्त अनभिज्ञ. कोल्लिडमच्या पुलाची तक्रार याला सरळ छेद देते. तिथे रयतेला व्यवस्था पुरती कळलेली होती. वरच्याला नाव हवं, मधल्याला बढती हवी, खालच्याला मार बसतो. साहेबाने किट्टी हातात धरली नाही हे खरं. वसुलीचा आकडा त्याने धरला होता.

आता थोडं युरोपकडे बघू, कारण ‘छळाची बंदी’ ही कथा तिथे फार वेगळ्या रीतीने घडली.

मद्रासमध्ये छळ कायद्यात कुठेच नव्हता. कंपनीच्या नियमांत त्याला मनाईच होती. युरोपात मात्र तो कायद्यातच लिहिलेला होता, कलमांसकट. त्याआधी तिथे दिव्यं होती: तापलेलं लोखंड धरायचं, उकळत्या पाण्यात हात घालायचा, निकाल देवाचा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली आणि निकाल देण्याची जबाबदारी माणसांवर आली. माणसाने माणसाला फाशी द्यायची तर खात्री हवी. म्हणून पुराव्याचे नियम फार कडक झाले: दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, नाही तर आरोपीची स्वतःची कबुली. रक्ताने माखलेला सुरा हातात सापडला तरी तो अर्धाच पुरावा. आता चोर दोन साक्षीदारांना बोलावून चोरी करत नसतो. मग उरली कबुली, आणि कबुली मिळवायला छळ. १२५२ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या चौकशीत त्याला परवानगी दिली. १५३२ च्या ‘कॅरोलिना’ संहितेत पाचव्या चार्ल्सने छळ कधी करावा, किती पुरावा असल्याशिवाय करू नये, हे सगळं बांधून दिलं. शिवाय छळात दिलेली कबुली नंतर छळाबाहेर पुन्हा द्यावी लागे. नाकारली तर पुन्हा पाळी. इतक्या काटेकोरपणे चाललेला हा प्रकार होता. आपल्याजवळ गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीची १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडता, इन्क्विझिशनची कचेरी याच पद्धतीने चालली. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या त्या कैदेत टाकलं होतं. सुटून गेल्यावर त्याने पुस्तक लिहिलं. सकाळी सकाळी कानावर येणाऱ्या किंकाळ्यांची नोंद त्यात आहे.

ही पद्धत गेली कशी, याचं शाळेतलं उत्तर म्हणजे प्रबोधन. इटालियन विचारवंत बेक्कारियाने १७६४ मध्ये पुस्तक लिहिलं, व्हॉल्टेअरने आवाज उठवला आणि राजे शहाणे झाले. यात तथ्य आहे; बेक्कारियाचा युक्तिवाद, की छळात दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध फासावर जातो, आजही तोडता येत नाही. पण प्रशियाच्या फ्रेडरिकने १७४० मध्येच, गादीवर बसल्याबरोबर, बहुतेक गुन्ह्यांतला छळ बंद केला होता. बेक्कारियाच्या चोवीस वर्षं आधी. जॉन लँगबीन या अमेरिकन कायदे-इतिहासकाराने १९७७ मध्ये याचा उलगडा मांडला: सतराव्या शतकापासून युरोपातली न्यायालयं अर्ध्या पुराव्यावर फाशीऐवजी सक्तमजुरी, गलबतावर वल्ही मारणं अशा शिक्षा देऊ लागली होती. कबुलीवाचून शिक्षा देता येऊ लागली तशी कबुलीची गरज आटत गेली. गरज संपलेली गोष्ट बंद करायला राजाला मोठं धैर्य लागत नाही. ऑस्ट्रियात १७७६, फ्रान्समध्ये १७८० ते १७८९, तस्कनीत १७८६. लँगबीनवर टीकाही झाली आहे. विचारांचा वाटा तो फार कमी धरतो, असं म्हणतात. मला मात्र त्याचं बोट बरोबर जागी पडलेलं वाटतं: पुराव्याचा नियम बघा, छळ का टिकतो ते कळेल.

इंग्लंडात तर ज्यूरी असल्यामुळे कबुलीवर असं अडून राहावं लागत नव्हतं. राजाच्या खास हुकमाने तिथे छळ होई, शेवटचा हुकूम १६४० चा. म्हणून मद्रासच्या बातमीने लंडनला आश्चर्याचा आव आणता आला.

दिव्य आणि छळ यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. मराठेशाहीत जमिनीचे, वतनाचे वाद गोतसभेत न मिटले तर दिव्य होई. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा. त्याआधी हात धुऊन नखं काढायची, नंतर हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष सोडायची. हे क्रूरच. पण यात माणसाला बोलतं करायचं नसतं; बोलायचं काम देवाकडे असतं. दिव्य करणारा पुष्कळदा स्वतः पुढे येई, कारण वतन त्यालाच हवं असे. छळात मात्र उत्तर आधीच ठरलेलं असतं, फक्त ते आरोपीच्या तोंडून यायचं असतं. त्रावणकोरात शुचींद्रमच्या देवळात नंबुद्री ब्राह्मणांसाठी उकळत्या तुपाचं असंच दिव्य होतं. ते स्वाती तिरुनाळ महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२९ ते १८४६ या काळात बंद पडलं. या महाराजांचे शिक्षक आणि पुढे दिवाण झालेले सुब्बाराव तंजावरचे मराठी. त्या दरबारात तंजावरकर मराठी दिवाणांची रांगच लागलेली होती.

छळाबद्दल सगळ्यांत तपशिलात लिहिलेला आपला जुना ग्रंथ म्हणजे कौटिल्याचं अर्थशास्त्र. त्याची पोथी १९०५ मध्ये म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्रींच्या हाती आली, ती तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताकडून. १९०९ मध्ये ग्रंथ छापला गेला. चौथ्या अधिकरणात दंडे, चाबूक, टांगणं, पाण्याची नळी असे प्रकार मोजून दिले आहेत, आणि ते कोणावर वापरू नयेत याचीही यादी आहे: लहान मूल, म्हातारा, आजारी, वेडा, भुकेला-तहानलेला, वाट चालून थकलेला, गरोदर आणि नुकती बाळंत झालेली बाई. ब्राह्मणालाही सूट, ती अर्थात वेगळ्या कारणाने. पण याच प्रकरणात कौटिल्य एक इशारा देतो. मांडव्य ऋषींनी चोरी केली नव्हती; छळाच्या भीतीने त्यांनी ‘मी चोर’ असं म्हटलं. म्हणून कबुलीवर थांबू नका, पुरावा पुरा करा. महाभारतातले मांडव्य आपल्याला मौनामुळे सुळावर गेलेले माहीत आहेत. कौटिल्याचे मांडव्य बोलले म्हणून अडकतात. छळ कसा करावा हे सांगणाऱ्याच माणसाला त्यातून खरं बाहेर येईल याची खात्री नव्हती.

मद्रासच्या अहवालानंतर पुढे जे झालं त्याचे दोन भाग आहेत. पहिला माणसांचा. १८५९ च्या चोविसाव्या कायद्याने मद्रासला स्वतंत्र पोलीस खातं मिळालं, विल्यम रॉबिन्सन त्याचे पहिले प्रमुख झाले आणि तहसीलदाराच्या हातून पोलिसी काढून घेतली गेली. वसुलीतली किट्टी यानंतर ओसरत गेली. कारण साधं होतं: सारा गोळा करणाऱ्याच्या हाताखाली आता शिपायांची फौज नव्हती. १८६० च्या दंडसंहितेत कबुलीसाठी किंवा वसुलीसाठी इजा करणं हा वेगळा गुन्हा झाला, कलम ३३०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबर दुखापत असेल तर ३३१, दहा वर्षं. कलम ३३० खालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. पोलीस अंमलदार कबुलीसाठी छळतो, चोरीचा माल कुठे आहे ते कळावं म्हणून छळतो. महसूल अंमलदार थकबाकीसाठी छळतो. जमीनदार खंडासाठी रयतेला छळतो. मद्रासच्या अहवालाची सगळी पात्रं या चार ओळींत हजर आहेत.

दुसरा भाग पुराव्याचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८६१ च्या फौजदारी संहितेत एक अजब नियम आला: पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालणारच नाही. मारून घेतलेली असो, गोडीने घेतलेली असो, खुशीची असो. कोठडीत असताना दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटसमोर दिली असेल तरच चालेल. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे नियम कलम २५ आणि २६ म्हणून आले. खुद्द इंग्लंडात इतका कडक नियम नव्हता. म्हणजे आपल्या पोलिसाच्या शब्दावर आपलाच कायदा विश्वास ठेवत नाही, हे दीडशेहून अधिक वर्षं छापून ठेवलेलं आहे. पोलीस अधिकाऱ्यांना याचा राग येतो आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण पुरावा कायद्याचा मसुदा करणारे फिट्झजेम्स स्टीफन यांनी एका हिंदुस्थानातल्या अंमलदाराचं म्हणणं नोंदवलं आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कोणा बिचाऱ्याच्या डोळ्यांत मिरची चोळणं किती सोपं, अशा अर्थाचं. छळाचं कारण द्वेष असावा लागतो, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुष्कळदा कारण आळस असतं आणि कलम २५ चा रोख त्या आळसावर होता: कबुली विकलीच जाणार नसेल तर ती कोण पिकवील?

पण नियमाला एक खिडकी ठेवली होती. कलम २७: कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यामुळे काही वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी संबंधित तेवढं बोलणं पुराव्यात घेता येईल. तर्क असा, की सुरा खरंच सापडला ना? मग सांगणं खरं. तेव्हापासून तपासाचा सगळा जोर या खिडकीवर आला. ‘आरोपीने स्वखुशीने निवेदन केले की...’ या वाक्याने सुरू होणारा पंचनामा आणि त्यातून निघणारा मुद्देमाल फौजदारी कोर्टात बसणाऱ्याला तोंडपाठ असतो. १९४६ मध्ये मद्रासच्याच पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ही खिडकी किती उघडायची ते ठरवून दिलं: वस्तू कुठे आहे हे सांगणं चालेल, त्या वस्तूने खून केला हे सांगणं चालणार नाही.

कुंभकोणमकडे परत यायचं तर तिथे १८२८ मध्ये जन्मलेल्या एका मराठी माणसासाठी. टी. माधवराव वयाच्या तिशीतच त्रावणकोरचे दिवाण झाले. ही नेमणूक झाली तेव्हा तिथले मिशनरी संस्थानातल्या छळाच्या आणि गैरकारभाराच्या तक्रारी मद्रास सरकारकडे करत होते आणि संस्थान खालसा होण्याची टांगती तलवार होती. पुढे १८७३ मध्ये बडोद्यात मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराची चौकशी करायला मीड यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसलं. त्याच्यापुढे आलेल्या तक्रारींत फटके, छळ आणि सक्तीची वसुली पुन्हा तशीच होती, फक्त भाषा गुजराती-मराठी. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि बडोद्याची घडी बसवायला कावेरीकाठचे माधवराव आले. त्यांनी वरिष्ठ कोर्ट उभं केलं आणि न्यायाचं काम वसुलीपासून तोडलं. मद्रासने अहवाल, बोभाटा आणि बंड झाल्यावर जे केलं ते त्यांनी दिवाणाच्या सहीने केलं. त्यांच्या चरित्रकारांना त्यांची राजनीती जास्त मोहवते. हा भाग कमी लिहिला जातो.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम २० ने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडण्याला बंदी केली. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची पद्धत बारकाईने घालून दिली. नार्को चाचणीचं खूळ मधल्या काळात आलं. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्कोची चित्रफीत वाहिन्यांवर चालली तेव्हा लोक क्रिकेटचा सामना बघावा तसे बसून बघत होते. २०१० मध्ये न्यायालयाने संमतीशिवाय ती करायला मनाई केली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० चं छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून विरलं. तमिळनाडूत साथानकुलमला २०२० च्या टाळेबंदीत एक बाप आणि त्याचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात झालेल्या मारहाणीनंतर दगावले, तेव्हा चौकशीला गेलेल्या मॅजिस्ट्रेटला ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण रोज आपोआप पुसलं जाईल अशी योजना आढळली. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. कलम ३३० आणि ३३१ आता न्याय संहितेचं कलम १२० आहे. कलम २५, २६ आणि २७ मिळून साक्ष अधिनियमाचं कलम २३. मजकूर जवळजवळ तोच.

महाराष्ट्राने मात्र आपल्यापुरता १८६१ चा धडा थोडा बाजूला ठेवला आहे. १९९९ च्या मकोका कायद्याच्या कलम १८ नुसार अधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुराव्यात चालते. टाडा आणि पोटा या दहशतवादविरोधी कायद्यांतही अशी सोय होती. ते कायदे गेले, मकोका राहिला. युक्तिवाद असा, की संघटित गुन्हेगारीत साक्षीदार पुढे येत नाहीत. हे खोटं नाही. तेराव्या शतकातल्या युरोपनेही नेमकं हेच म्हटलं होतं.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला या कलमावर बराच उभा होता. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाबांतला मजकूर काही ठिकाणी शब्दशः सारखा असल्याचं आणि ते छळ करून घेतल्याचा आरोप पोकळ नसल्याचं न्यायालयाने निकालात मांडलं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकालानंतर तीन दिवसांनी तिथून आदेश झाला: सुटलेल्यांनी तुरुंगात परतायचं नाही, पण मकोकाच्या दुसऱ्या खटल्यांत हा निकाल दाखला म्हणून तूर्त वापरायचा नाही.